एकोणतीस अंकांचा ताळा



आमच्या मंदिरात चातुर्मासात दुपारी गोम्मटसार जीवकांडाचा स्वाध्याय असतो. पर्याप्त मनुष्यांची संख्या सांगणारी गाथा आली की आम्ही बायका ती म्हणतो आणि पुढे जातो. यंदा शेजारी बसलेल्या माझ्या सुनेने विचारले, "आई, हा खरंच आकडा आहे, की नुसते शब्द?" मला उत्तर देता येईना. बी. कॉम. झालेल्या बाईला लाज वाटली. घरी येऊन वही काढली.

गाथा दहाव्या शतकातल्या आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींची. श्रवणबेळगोळचे बाहुबली उभारणारे चामुंडराय त्यांचे शिष्य. गाथेत संख्या सांगितली आहे ती अक्षरांनी, कटपयादी पद्धतीने. 'क' ते 'झ' म्हणजे 1 ते 9, 'ट' ते 'ध' पुन्हा 1 ते 9, 'प' ते 'म' 1 ते 5, 'य' ते 'ह' 1 ते 8, आणि 'न' म्हणजे शून्य. अंक मात्र उजवीकडून डावीकडे मांडत जायचे. पहिले अक्षर 'त', म्हणून एकंस्थानी 6. शेवटचे 'सा', म्हणून सर्वांत डावीकडे 7. मांडून झाल्यावर आकडा आला:

79228162514264337593543950336

हा आला कुठून? दोनाचा वर्ग 4, त्याचा वर्ग 16, मग 256, 65536, आणि पाचवा वर्ग 4294967296. त्याचाही वर्ग केला की सहावा, 18446744073709551616. पाचवा आणि सहावा वर्ग गुणले की आपली संख्या. श्वेतांबरांच्या अनुयोगद्वार सूत्रातही हीच संख्या आहे, आणि तिचे 96 वेळा अर्धे करता येते असे तिथे सांगितले आहे. म्हणजे 96 वेळा दोन मांडून केलेला गुणाकार. या अर्ध्या करण्याला धवला टीकेत अर्धच्छेद म्हटले आहे. कॉलेजात आम्ही लॉगची कोष्टके वापरायचो, त्यातलेच हे गणित.

एवढा गुणाकार तपासायचा कसा? शाळेतला नवाचा ताळा आठवला. पाचव्या वर्गाच्या अंकांची बेरीज 58, मग 13, मग 4. सहाव्याची 88, मग 16, मग 7. चार सत्ते अठ्ठावीस, म्हणजे 10, म्हणजे 1. आता गाथेतल्या 29 अंकांची बेरीज: 127, म्हणजे 10, म्हणजे 1. ताळा जमला! हजार वर्षे ताडपत्रावरून ताडपत्रावर आणि तोंडातून तोंडात आलेल्या आकड्यात नवाच्या ताळ्याला तरी चूक सापडली नाही, मात्र अंकांची अदलाबदल या ताळ्यात दिसत नाही.

सुनेने लगेच विचारले, "पण जगात माणसे तर आठशे कोटीच आहेत." खरे आहे. शास्त्रातली गणना अढाई द्वीपांची. ती मोजायला माझ्याकडे साधन नाही. तो श्रद्धेचा भाग. मी तपासला तो गुणाकार, आणि त्याचा ताळा जमतो.

पुढच्याच गाथेत म्हटले आहे की यातले तीन चतुर्थांश मानुषी, म्हणजे आपण बायका! संख्येला चाराने नि:शेष भाग जातो, म्हणून हिशेबात अपूर्णांक उरत नाही.

आणि एवढी मोठी असूनही ही संख्या 'संख्यात'च, मोजता येणारी. एका निगोद शरीरात मात्र अनंत जीव. मनुष्यभव दुर्लभ, हे वाक्य लहानपणापासून ऐकते आहे. वहीत मांडल्यावर ते पहिल्यांदा कळले. उद्या ती गाथा मी सुनेबरोबर बोटे मोजत म्हणणार आहे.