मोटारगाडी, जुनी व आधुनिक

प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ स्वरूपात जतन केलेली खाजगी गाडी भारतातील २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ मानली जाते. तिला स्वतंत्र नोंदणी-चिन्ह मिळते. मात्र तिचा नित्याचा वा व्यापारी वापर करता येत नाही.

महाराष्ट्रातील अशा गाड्यांपैकी परिचित म्हणजे फियाट ११०० ही होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात ती तयार होई. पुढे ती प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे चार सिलिंडरांचे, १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन सु. ४० अश्वशक्ती निर्माण करी. इंधन व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये होई, शक्ती मागील चाकांना मिळे व चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. रचना साधी असल्याने लहान गावातील मेकॅनिकही ती दुरुस्त करू शके. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली.

२०२४ ची मारुती सुझुकी डिझायर ही आधुनिक सेडान लांबीने जवळजवळ तेवढीच, म्हणजे सु. ४ मी. आहे. तिच्या तीन सिलिंडरांच्या, १,१९७ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती मात्र सु. ८० अश्वशक्ती आहे. इंधनपुरवठ्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असल्याने दुरुस्तीस विशेष उपकरणे लागतात.

जुनी गाडी जाड पत्र्यामुळे अधिक सुरक्षित असते, हा समज बरोबर नाही. टकरीच्या वेळी तिचा आघात प्रवाशांपर्यंत पोहोचतो. आधुनिक गाडीचा पुढील भाग मुद्दाम चुरगळेल असा घडवितात. त्यात आघाताची ऊर्जा शोषली जाते व बैठकीचा भाग शाबूत राहतो. सहा हवापिशव्याही साहाय्यक ठरतात. तथापि पट्टा न बांधल्यास ही योजना पुष्कळशी निष्फळ होते.

पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर याचा प्रत्यय आला. बोईसर–तारापूर औद्योगिक क्षेत्राची वाहतूक चिल्हार फाट्यावर याच महामार्गास मिळते. त्याच्या उत्तरेस चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात, हवापिशव्यांनी सज्ज अशा आधुनिक गाडीतील मागील आसनांवरचे दोघे, उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी, मृत्युमुखी पडले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागील आसनांवरील प्रवाशांनाही पट्टा बांधणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे.