दुपारची झोप आणि शांत वेळ

लहान मुलाने दुपारी निजावे ही रीत मराठवाड्यात उन्हाशी आणि शेतकामाशी बांधलेली होती. लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुड आणि आसपासच्या गावांत खुरपणीला जाणारी बाई तान्ह्याला सोबत नेई. बांधावरच्या लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी टांगली जाई. थोरले भावंड झोका देई आणि आईची पात पुढे सरके. घरी राहिलेली पोरे माळवदाच्या गारव्यात आजीजवळ निजत. उन्हाळ्यात ऊन उतरेपर्यंत थोरली माणसेही आडवी होत, त्यामुळे मुलांच्या झोपेची वेगळी व्यवस्था लागत नसे.

जिथे मूल कामावर नेता येत नव्हते, तिथे काम होईपर्यंत मूल निजवण्याच्या गरजेने घातक वळण घेतले. मुंबईच्या कापडगिरण्यांतील बाया पाळी संपेपर्यंत मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. 1920च्या दशकातील पाहण्यांत या प्रथेची नोंद झाली. पुढे 1948च्या कारखाने कायद्याने 50हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ही अट 30 स्त्रियांवर आली.

मुलाला न झोपवताही शांत बसवता येते, हा विचार बालशिक्षणातून आला. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये बालगृह सुरू केले. तिथे त्यांनी एकदा चार महिन्यांचे तान्हे मूल वर्गात आणले आणि त्याच्याइतके निश्चल बसून दाखवायला मुलांना सांगितले. त्यातून शांततेचा खेळ घडला: मुले आवाज न करता बसत, शिक्षिका लांबून हळूच एकेकाचे नाव घेई आणि ज्याचे नाव येई तो पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाई. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत भारतीय मातीत रुजवली. त्यांचा नूतन बालशिक्षण संघ 1926 साली स्थापन झाला. 1945 साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून वर्गच पाड्यावरच्या अंगणात भरू लागले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. गाणी, गोष्टी, खेळ आणि आहार असा तिचा काही तासांचा क्रम असतो. उरलेली दुपार घराचीच राहते. अंगणवाडीच्या वयात, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, बहुतेक मुलांची दुपारची झोप आपसूक सुटते. तेव्हा बळेच निजवले तर रात्री झोप लागायला उशीर होतो आणि मोकळे सोडले तर संध्याकाळी मूल किरकिरते. मधला मार्ग म्हणून ठरल्या वेळी, मंद उजेडाच्या खोलीत, चित्रांचे पुस्तक, चिंध्यांची बाहुली किंवा भातुकली देऊन मुलाला अर्धा-पाऊण तास एकटे रमू देतात; हीच शांत वेळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. त्यात दुपारची झोप धरलेली आहे. म्हणून झोप हवी असलेल्या लहानग्याची झोप मोडून शांत वेळ लावू नये आणि शांत वेळेत डोळा लागलाच तर मुलाला उठवण्याची घाई करू नये.