दोन बेटे, दोन पोपट : एक संग्रहालयात, एक रानात

१/ हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज ही बेटे आहेत. आपल्याकडच्या राघूचे दोन आप्त या बेटांवर स्वतंत्रपणे वाढले. त्यांपैकी एकाची १८७५ नंतर खात्रीची नोंद नाही. दुसरा आजही रानात उडतो. हे अंतर कसे पडले?

२/ रॉड्रिग्ज जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचे. धर्मछळामुळे फ्रान्समधून परागंदा झालेला फ्रांस्वा लेगा १६९१ मध्ये साथीदारांसह तेथे उतरला. हिरवे-निळे पोपट विपुल आहेत, त्यांचे मांस रुचकर आहे आणि पाळलेले पोपट बोलायला शिकतात, असे त्याने लिहून ठेवले.

३/ पुढे बेटावर वस्ती झाली. शेतीसाठी झाडे तुटली, वणवे लागले, उरलेले रान गुराशेळ्यांनी चरून संपवले. ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्याला ढोलीच उरली नाही.

४/ १८७१ मध्ये एक मादी मिळाली. केंब्रिजचे पक्षिशास्त्रज्ञ अल्फ्रेड न्यूटन यांनी १८७२ मध्ये तिचे वर्णन करून जातीला 'एक्सूल', म्हणजे 'निर्वासित', असे नाव दिले. १४ ऑगस्ट १८७५ रोजी एक नर टिपण्यात आला. या जातीची जगात एवढीच दोन कातडी आहेत. दोन्ही केंब्रिजच्या संग्रहालयात.

५/ या दोन गोळ्यांनी जात संपली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रान आधीच गेले होते. पण त्या काळी दुर्मीळ पक्षी म्हणजे मिळवून ठेवायचा नमुना. तो राखावा, ही कल्पना अजून रुजायची होती.

६/ मॉरिशसचा 'एको' पोपटही त्याच वाटेवर होता. ऊस, चहा आणि पाइनच्या लागवडीने मूळ अरण्य २ टक्क्यांहून कमी उरले. अंडी-पिल्लांवर उंदीर आणि माकडे टपलेली. त्यात माणसाने बाहेरून आणलेला आपला राघूही ढोल्यांसाठी स्पर्धक झाला. १९८० च्या दशकात जेमतेम दहा-बारा पक्षी माहीत होते.

७/ फरक पडला तो येथे. ब्लॅक रिव्हरच्या दुर्गम दऱ्यांत थोडे रान शिल्लक होते आणि वेल्समधून आलेले कार्ल जोन्स व त्यांचे सहकारी झाडांवर चढू लागले. त्यांनी ढोल्या उंदरांपासून सुरक्षित केल्या, लाकडी घरटी टांगली, पूरक अन्न ठेवले. घरट्यात उपासमार होणारी पिल्ले उचलून हाताने वाढवली आणि पुन्हा रानात सोडली.

८/ १९९४ मध्ये त्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले. चोच व पिसांच्या विषाणूजन्य रोगाची साथही पोपटांनी सोसली. २०१९ पर्यंत त्यांची संख्या ७५० च्या वर गेली आणि जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' गणली गेलेली ही जात 'असुरक्षित' या सौम्य श्रेणीत आली.

९/ दोन्ही बेटांवर संकटे बहुतांशी सारखीच होती. रॉड्रिग्जला मदत पोहोचायच्या आत रान आणि पक्षी दोन्ही सरले. मॉरिशसला ती दहा-बारा पक्षी उरले असताना पोहोचली. आणि ती एकदाच देऊन भागत नाही : रान पुन्हा वाढेपर्यंत घरट्यांची राखण चालूच ठेवावी लागते.