रिकामे पिस्तूल

वाळवंटातून कसाबसा जीव वाचवून आलेला एक दरोडेखोर गावातल्या बंदुकांच्या दुकानात शिरतो. म्हातारा दुकानदार एकामागून एक रिव्हॉल्व्हरे त्याच्यापुढे मांडतो. दरोडेखोर एकाची नळी काढतो, दुसऱ्याचे फिरते चाक उचलतो, ते कानाशी धरून फिरवतो आणि घड्याळजी घड्याळाची टिकटिक ऐकतो तसा त्याचा आवाज ऐकतो. मनाजोगे भाग सापडले की सगळे जोडून एक नवेच हत्यार तयार करतो, काडतुसे मागतो, मागच्या अंगणात नेमबाजी करून पाहतो आणि शेवटी त्याच पिस्तुलाच्या धाकाने दुकानदाराला लुबाडून निघून जातो. जाताना दाराची पाटी त्या बिचाऱ्याच्या तोंडात कोंबायला विसरत नाही.

सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या १९६६ सालच्या चित्रपटातील हा प्रसंग. अमेरिकेच्या रानटी पश्चिमेच्या कथा इटालियन मंडळींनी स्पेनच्या माळरानावर चित्रित केल्या म्हणून समीक्षकांनी त्यांना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ असे हिणवले. पुढे ते हिणवणेच नाव होऊन बसले. दरोडेखोर टुकोची भूमिका करणारे इलाय वॉलक यांना बंदुकांची फारशी माहिती नव्हती. लिओनेने त्यांना सांगितले, तुम्हाला सुचेल तसे करा. आणि वॉलक यांनी कॅमेऱ्यासमोर सुचेल तसे केले. बंदुकांचा जाणकार हा प्रसंग पाहून हसेल, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरांचे भाग असे एकमेकांत बसत नाहीत. तरीही पाहणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. या माणसाचे आयुष्य या वस्तूंबरोबर गेले आहे, हे तो कान लावण्याच्या एका कृतीतून पटवून देतो.

ही हत्यारे आली कुठून, हा प्रश्न मला या चित्रपटाच्या कथेइतकाच वेधक वाटतो. उत्तर इटलीत ब्रेशिया शहराच्या वर डोंगरांत व्हाल त्रोम्पिया नावाचे खोरे आहे. लोखंडाच्या खाणी, भट्ट्यांसाठी लाकूड आणि घण चालवायला वाहते पाणी, या तीन गोष्टी तेथे शेजारी शेजारी मिळाल्या आणि तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बंदुकांच्या नळ्या घडवीत राहिली. या खोऱ्यातील गार्दोने गावच्या बेरेट्टा घराण्याच्या कारागिराने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याची नोंद आजही दाखवली जाते.

विसाव्या शतकात याच खोऱ्यात एक चमत्कारिक मागणी आली. अमेरिकेच्या यादवी युद्धाला १९६१ साली शंभर वर्षे पूर्ण होणार होती. जुन्या लढायांची प्रात्यक्षिके करणाऱ्या हौशी अमेरिकनांना त्या काळची रिव्हॉल्व्हरे हवी होती. पण अस्सल वस्तू दुर्मीळ आणि महाग. व्हॅल फॉर्जेट नावाचा अमेरिकन व्यापारी नव्या नकला घडवून घेण्यासाठी इटलीत आला. आल्डो उबेर्ती या कारागिराने १९५९ साली गार्दोने येथे स्वतःचा कारखाना काढला आणि कोल्ट कंपनीच्या १८५१ सालच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची नक्कल बनवण्यापासून सुरुवात केली. काही वर्षांतच लिओनेसारख्या दिग्दर्शकांना रिव्हॉल्व्हरे लागू लागली, तेव्हा ती त्यांना घरच्या अंगणातच मिळाली. शतकापूर्वीच्या एका भीषण युद्धाच्या स्मरणासाठी घडवलेली वस्तू अशी करमणुकीच्या बाजारात आली.

मूळ ‘नेव्ही’ ही एक प्रकारे ठासणीचीच बंदूक होती. तिच्या चाकाला सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात पुढून बंदुकीची दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची आणि मागच्या टोकावर तांब्याची छोटी टोपी चढवायची. दिवाळीत मुले पिस्तुलात ज्या टिकल्या उडवतात, त्यांचीच ही थोरली बहीण. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाई आणि बार उडे. सहा बार उडाले की पुन्हा तीच सारी खटपट, आणि तीही शत्रू समोर असताना. अशी दोन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे कोल्टच्या कारखान्यातून बाहेर पडली.

चित्रपटातील हत्यारे मात्र अशी चालत नाहीत. क्लिंट ईस्टवुडच्या पिस्तुलाच्या मुठीवर चांदीचा साप आहे, नळी ‘नेव्ही’ची आहे, पण ते चालते धातूच्या तयार काडतुसांवर. तिन्ही नायकांच्या कमरपट्ट्यांतही काडतुसेच ओवलेली दिसतात. कथा घडते १८६२ साली. त्या वेळी मागून काडतूस घालता येईल असे आरपार भोके पाडलेले चाक बनवण्याचा हक्क अमेरिकेत एकाच पेटंटात अडकला होता. कोल्टच्याच कारखान्यात काम केलेल्या रॉलिन व्हाइट याने ते १८५५ साली मिळवले आणि वापरण्याचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीला दिला. त्याची मुदत १८६९ साली संपली आणि त्यानंतर कोल्टने आपली जुनी रिव्हॉल्व्हरे काडतुसांसाठी बदलून विकायला घेतली. म्हणजे टुको आणि त्याचे सोबती जवळजवळ दहा वर्षे पुढची हत्यारे बाळगून हिंडत आहेत. टुको अंघोळीच्या टबात फेसाखाली पिस्तूल लपवून शत्रूला टिपतो तो प्रसंग आठवा. खऱ्या १८६२ साली त्याची दारू भिजण्याचीच भीती अधिक होती, आणि मग चित्रपट तेथेच संपला असता!

रायफलीचीही हीच गत. दृश्यात दिसते ती १८६० सालची ‘हेन्री’ असावी अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती १८६६ सालच्या विंचेस्टरची नक्कल असून नळीखालचे लाकूड काढून तिला हेन्रीचा वेष दिला आहे. कुशीत गोळ्या भरण्याची खिडकी मात्र तशीच राहून गेली.

मग लिओनेला इतिहास ठाऊक नव्हता काय? तसे म्हणता येत नाही. जनरल सिब्ली याच्या दक्षिणी फौजेने १८६२ च्या आरंभी न्यू मेक्सिकोवर केलेली स्वारी ही यादवी युद्धाच्या ग्रंथांतही कोपऱ्यात पडलेली गोष्ट आहे. सांता फे शहराजवळच्या ग्लोरिएटा खिंडीत मार्च महिन्यात झालेल्या लढाईत तिचा कणा मोडला. लिओनेने आपली कथा मुद्दाम त्या पराभूत, तहानलेल्या, माघारी फिरलेल्या फौजेच्या वाटेवर नेऊन ठेवली. चित्रपटातील युद्धकैद्यांची छावणी त्याने अँडरसनव्हिल येथील कुप्रसिद्ध तुरुंगाच्या चित्रांवरून उभी केली. तेथे १८६४ ते १८६५ या काळात सुमारे तेरा हजार कैदी उपासमारीने व रोगाने मेले. अँडरसनव्हिल दक्षिणेचे होते. लिओनेने आपली छावणी उत्तरेची दाखवली. क्रौर्य जिंकणाऱ्यांच्याही वाट्याला येते, हे त्याला दाखवायचे होते. काडतुसांची चूक ही अज्ञानापेक्षा सोयीची असावी असे मला वाटते. प्रत्येक दृश्यासाठी सहा कप्प्यांत दारू ठासत बसण्यापेक्षा गोळी नसलेले, नुसता बार उडवणारे काडतूस सरकवणे कितीतरी सोपे. यंत्राच्या तपशिलात तो चुकला. युद्धाच्या स्वभावात चुकला नाही.

पिस्तुलाचीही त्याने गंमतच केली. टुकोने ते म्यानात न ठेवता गळ्यातल्या दोरीला लटकवावे, खांदा हलवताच ते हातात यावे, अशी लिओनेची कल्पना होती. ‘करून दाखवा,’ असे वॉलक म्हणाले. लिओनेने दोरी गळ्यात घातली, खांदा हलवला, आणि ते लोखंड हातात न येता भलत्याच नाजूक जागी आदळले. ‘खिशात ठेवा,’ असे म्हणून दिग्दर्शकांनी विषय संपवला. वॉलक यांनी आपल्या आत्मचरित्रात हा किस्सा सांगितला आहे.

एका प्रसंगात मात्र पिस्तुलाला हातच लागत नाही. जखमी सोबत्याला घेऊन टुको एका मिशनच्या रुग्णालयात येतो. तेथील प्रमुख धर्मगुरू त्याचा सख्खा भाऊ आहे. आईवडील गेल्याचे त्याला तेथे कळते. भाऊ त्याच्या पापी जीवनाचा धिक्कार करतो, आणि टुको उलटून सुनावतो की गरिबीने मरायचे नसेल तर आपल्या गावी दोनच वाटा होत्या, धर्मगुरू व्हायचे किंवा दरोडेखोर. तू तुझी निवडलीस, मी माझी, आणि माझी अधिक कठीण होती. दोघे हातघाईवर येतात. टुको निघून गेल्यावर तो झग्यातला भाऊ पुटपुटत क्षमा मागतो, पण ती ऐकायला समोर कोणी नसते. बाहेर आल्यावर टुको सोबत्यापुढे भावाच्या प्रेमाची खोटी बढाई मारतो. सोबत्याने सारे ऐकलेले असते, तरी तो काही न बोलता आपली विडी पुढे करतो. या मिशनचा बाहेरचा भाग म्हणजे अल्मेरिया प्रांतातील, अठराव्या शतकात डॉमिनिकन संन्याशांनी बांधलेला वाडा. आतला भाग बुर्गोस प्रांतातील सान पेद्रो दे आर्लान्सा हा बेनेडिक्टाइन मठ. स्पेनच्या सरकारने १८३५ साली मठांच्या मालमत्ता काढून घेतल्या, तेव्हापासून तो ओस पडला होता. चित्रपटातील रुग्णांच्या खाटा त्या पडक्या भिंतींत मांडल्या गेल्या.

शेवटची झुंज ‘सॅड हिल’ दफनभूमीत होते. सुमारे पाच हजार खोट्या कबरींची ही वर्तुळाकार दफनभूमी स्पॅनिश लष्कराच्या जवानांनी बुर्गोसच्या माळावर उभारली. २०१५ पासून स्थानिक हौशी मंडळींनी गवताखाली गाडला गेलेला तिचा दगडी चौक कुदळीने मोकळा केला, आणि आता जगभरचे रसिक देणगी देऊन तेथील क्रूसांवर आपले नाव लिहवून घेतात. त्या चौकात तिघे जण एकमेकांवर नजर रोखून उभे राहतात. मिनिटामागून मिनिट जाते. अखेर गोळी सुटते, एक जण पडतो, आणि टुको पुन्हा पुन्हा चाप ओढतो तरी त्याचे पिस्तूल नुसते खटखट करते. ईस्टवुडने आदल्या रात्रीच ते रिकामे करून ठेवले होते. ज्या हत्याराच्या घडणीत टुकोने आपली सारी विद्या ओतली, त्यात गोळी आहे की नाही हे मात्र त्याने पाहिले नाही. लिओनेच्या चित्रपटांची सावली आपल्या ‘शोले’वर (१९७५) पडली आहे हे अनेकांनी लिहिले आहे. गब्बर तीन बार हवेत उडवून उरलेल्या तीन गोळ्यांचे चाक फिरवतो, तेथेही भीती भरलेल्या कप्प्याची नसून न दिसणाऱ्या कप्प्याची आहे.

पडद्यावर असे रिकामे पिस्तूल जीव वाचवते. पडद्यामागे ते रिकामे आहे हे ठरवायचे कोणी, हा वेगळाच प्रश्न. चित्रीकरणात काडतुसे दोन जातींची असतात. एकात दारू असते पण गोळी नसते. ते आवाज व धूर देते. दुसऱ्यात गोळी दिसते पण दारू नसते. ते केवळ जवळून दाखवण्यासाठी. तिसरे, म्हणजे खरे काडतूस, तेथे असताच कामा नये. अभिनेता ब्रँडन ली याच्या चित्रीकरणात १९९३ साली दुसऱ्या जातीच्या काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली, नंतर पहिल्या जातीच्या दारूने ती बाहेर ढकलली, आणि अठ्ठावीस वर्षांचा तरुण गेला. लिओनेच्या चित्रीकरणातही स्पॅनिश कॅप्टनने इशारा चुकीचा समजून कॅमेरे चालू नसतानाच पूल उडवून दिला होता. कोणी मेले नाही. लष्कराने पूल पुन्हा बांधून दिला.

न्यू मेक्सिकोत सांता फे शहराच्या दक्षिणेस एका कुरणावर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ नावाच्या वेस्टर्न चित्रपटाची तालीम चालू होती. सिब्लीची फौज जेथे मोडली ती खिंड तेथून फार दूर नाही. जागा होती चर्चचा देखावा. अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन बाकावर बसून म्यानातून रिव्हॉल्व्हर काढण्याचा सराव करीत होता. ते रिव्हॉल्व्हर ब्रेशिया प्रांतातीलच गुसागो येथील पिएत्ता कारखान्यात घडवलेली कोल्टची नक्कल होते. ते हाती देताना धोका नसल्याचे पुकारले गेले, असे तपासाच्या कागदपत्रांत नमूद आहे. आत खरे काडतूस होते. छायाचित्रकार हॅलिना हचिन्स, वय बेचाळीस, मृत्यू पावल्या. तीच गोळी दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात जाऊन रुतली. आपण चाप ओढलाच नाही, असे बाल्डविन सांगत राहिला. त्याच्यावरील खटला पुरावा दडवल्याच्या कारणाने जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी रद्द केला. शस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुणीला त्याच वर्षी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खरी काडतुसे तेथे आणखीही सापडली.

चित्रपट पुढे मोंटाना राज्यात पूर्ण झाला आणि २०२५ साली प्रदर्शित झाला. चर्चमध्ये ज्या प्रसंगाची तालीम चालू होती, तो प्रसंग त्यात नाही.