बुळकांडी गेली, पण सांगितले कोणी?

मंडळी, आज एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. शाळेत चाळीसेक वर्षे प्रश्न विचारण्यात गेली, सवय जात नाही. माणसाने पृथ्वीच्या पाठीवरून समूळ नाहीसे केलेले रोग किती? पुष्कळजण चटकन ‘देवी’ म्हणतील. बरोबर. १९८० साली तशी घोषणा झाली. पण उत्तर ‘एक’ नाही, ‘दोन’ आहे. दुसरा रोग २०११ साली गेला. मी ओळखीच्या बऱ्याच सुशिक्षित माणसांना हा प्रश्न विचारला. कोणी पोलिओ म्हणाले, कोणी प्लेग, कोणी नारू. दोघांनाच उत्तर आले आणि ते दोघेही शेतकरी होते. त्या रोगाचे नाव बुळकांडी.

आजच्या मुलांना हा शब्दसुद्धा माहीत नाही आणि ती आनंदाची गोष्ट आहे. आमच्या लहानपणी बायका भांडताना एकमेकींच्या दावणीला हा शब्द द्यायच्या. त्याहून वाईट शिवी नव्हती.

बुळकांडी हा गाई, बैल, म्हशींचा रोग. जनावराला सडकून ताप येई, डोळ्यांतून-नाकातून पाणी गळे, तोंडात फोड येऊन खाणे बंद होई आणि मग दुर्गंधी येणारी पातळ हगवण लागे. आठ-दहा दिवसांत खेळ खलास. ज्या मुलखात रोग नव्याने शिरे, तिथे शंभरातील ऐंशी-नव्वद जनावरे मरत. माणसाला मात्र तो होत नसे. गंमत पाहा, माणसाला होणारा गोवर हा याच विषाणूच्या घराण्यातला, अगदी सख्ख्या भावासारखा.

आता कोणी म्हणेल, जनावरांचा रोग, त्याचे काय एवढे? त्यासाठी बैल म्हणजे काय होते ते समजून घ्यायला हवे. ट्रॅक्टर नव्हता, मोटार नव्हती, इंजिन नव्हते. नांगर बैलाचा, मोट बैलाची, गाडी बैलाची, मळणी बैलाची, शेणखत आणि गोवरीही त्याचीच. मृगाच्या तोंडावर बैल मेला की त्या वर्षीचे पीक गेले. पीक गेले की सावकार आला.

आमच्या घराण्यात हे घडलेले आहे. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर हे सांगणारे कोणी नाही. सोलापूर जिल्ह्यातील आपल्या मूळ गावी आजोबांची बारा जनावरे होती. वडील पाच-सहा वर्षांचे असताना बुळकांडी आली आणि पंधरा दिवसांत दावण रिकामी झाली. एक म्हातारी गाय तेवढी वाचली. नवी जोडी घेण्यासाठी आजोबांनी विहिरीजवळचे रान गहाण टाकले, ते पुन्हा सुटले नाही. थोरले काका मुंबईला गिरणीत गेले, ते त्यापायी. आपली मंडळी आज मुंबईत, पुण्यात, अमेरिकेत आहेत. ‘आपण गाव का सोडले?’ असे मुले विचारतात तेव्हा ‘शिक्षणासाठी’ असे सांगितले जाते. शिक्षण नंतर आले. आधी बुळकांडी आली.

त्या वेळी उपाय काय होते? गावोगावी रोगराई आली की मरीआईचा गाडा निघे. वाजतगाजत तो शिवेबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा, म्हणजे इडापिडा तिकडे गेली. त्या लोकांना हसू नये. रोग गावाबाहेरून येतो आणि एका गावातून दुसऱ्या गावात जातो, एवढे त्यांनी अचूक ओळखले होते. कसा जातो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. याहून वाईट प्रकारही होते. उत्तर हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात जनावरे पटापट मरू लागली की, मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या लादलेले होते, त्यांनीच कातड्यासाठी विष घातले असा आळ घेतला जाई. रोगाने बैल मरायचे आणि शिक्षा गरिबाला व्हायची. विज्ञान नसले की न्यायही नसतो, हे आपण इतिहासात शिकवायला हवे.

आता थोडा इतिहास. पशुवैद्यक ही विद्याशाखा मुळात या रोगाच्या धाकातून उभी राहिली आहे. अठराव्या शतकात युरोपात बुळकांडीने गुरे साफ होत होती. तेव्हा क्लोद बुर्जेला या गृहस्थाने फ्रान्समधील ल्यों शहरात पशुवैद्यकाची शाळा काढली. १७६१ साली राजाज्ञा मिळाली, १७६२ साली वर्ग सुरू झाले. अशा प्रकारची ती जगातील पहिली शाळा.

आपल्याकडे इंग्रज सरकारने या रोगाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७१ साली आला. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. त्यासाठी सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी सढळ हाताने मदत केली. तेथील जनावरांचे रुग्णालय बाई साकरबाई यांच्या नावाने आजही ओळखले जाते. परळला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते हेच.

पुणेकरांनी मात्र आता कान टवकारावेत. देशातील जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात स्थापन झाली. ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ हे तिचे नाव. कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तिथे तिचा संसार मांडला होता. अल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. पण भर वस्तीत असले जालीम जंतू हाताळणे धोक्याचे, शिवाय पुण्याची हवाही गरम. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. उंची सुमारे ७,५०० फूट, आजूबाजूला रान, समोर हिमालय. बर्फयंत्रे घरोघर नसण्याच्या काळात थंडी हीच यंत्रणा होती. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणजे इज्जतनगरची, ती याच रोपाचा वृक्ष.

क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉक १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले होते. त्याच दौऱ्यात ते मुक्तेश्वरलाही गेले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत ते बुळकांडीवरच काम करत होते. १८९९ साली मुक्तेश्वरला बुळकांडीविरुद्धचे रक्तद्रव्य, म्हणजे सीरम, तयार होऊ लागले. पण त्याचे संरक्षण थोडे दिवसच टिके. मग १९२० च्या दशकात तिथल्याच जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू बकऱ्यांमध्ये पुनःपुन्हा वाढवला. बकऱ्यांतून जाता जाता त्याचा गाईबैलांसाठीचा जोर कमी झाला आणि त्यातून स्वस्त, टिकाऊ लस हाती आली. पुढची अनेक वर्षे भारतातील करोडो जनावरे या ‘बकरीच्या लसी’ने वाचवली.

या रोगाचे हातपाय किती लांब होते, त्याची दोन उदाहरणे सांगतो. १८८७ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत शिरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती असे मानले जाते. दहा वर्षांत तो थेट दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. इथिओपियातील बहुतेक सारी गुरे मेली, पाठोपाठ दुष्काळ पडला आणि सुमारे एक तृतीयांश लोक दगावले असा अंदाज आहे. गुरे गेलेल्या त्या खंडावर युरोपीय सत्तांना आपले झेंडे रोवणे सोपे गेले. आफ्रिकेची वाटणी शिकवताना आम्ही बर्लिनची परिषद सांगायचो, बुळकांडी कधीच नाही. पाठ्यपुस्तकातच ती नव्हती.

दुसरे उदाहरण १९२० सालचे. हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे रोग पसरला. युरोप हादरला. त्यातूनच १९२४ साली पॅरिस येथे जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वीस वर्षे आधी! माणसे आपापसांत भांडत होती, पण गुरांसाठी एका टेबलापाशी बसली.

स्वतंत्र भारताने १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय योजना हाती घेतली. तिचे एक टोक मी स्वतः पाहिलेले आहे. मी तेव्हा तिसरीत असेन. आदल्या दिवशी गावात दवंडी पिटली गेली. सकाळी ‘स्टॉकमन’ सायकलवरून आला. खाकी अर्धी चड्डी, कॅरियरला पेटी, खांद्यावर बर्फ भरलेला थर्मास. आम्हा पोरांना वाटले, आईसफ्रूट! लस गरम झाली की वाया जाते, म्हणून तो माणूस ऊन चढायच्या आत काम उरकण्यासाठी धडपडत होता. आणि लोक? अर्ध्यांनी जनावरे रानात दडवलेली. टोचल्यावर ताप येतो, म्हैस दूध कमी देते, गाभण गाय गाभडते, अशी एक ना अनेक भये. माझ्या वडिलांनी मात्र आपली चारही जनावरे सर्वांत आधी पुढे केली. ते फारसे बोलत नसत. त्या दिवशी चावडीसमोर एवढेच म्हणाले, “ज्याची दावण रिकामी झाली नाही त्यानं घरी जावं.” कोणी गेले नाही. दुपारपर्यंत रांग लागली होती.

तरीही रोग जायला चाळीस वर्षे लागली. रोग कमी झाला की लोक सुस्तावतात. बाजाराबाजारांतून जनावरे हिंडतात, एका राज्यात विझलेली आग दुसऱ्यातून परत येते. शेवटी १९९० च्या दशकात धोरण बदलले. सरसकट टोचत राहण्याऐवजी रोग नेमका कुठे दबा धरून बसला आहे ते शोधायचे, तिथेच घाव घालायचा आणि मग लस देणे चक्क थांबवायचे! कारण सगळीच जनावरे टोचलेली असली तर रोग खरोखर गेला की झाकला गेला, हे कळणार कसे? लस सुरू करण्यापेक्षा बंद करायला जास्त धैर्य लागले असेल. भारतातील शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालचा. त्यानंतर कित्येक वर्षे पशुवैद्य गावोगाव फिरून रक्ताचे नमुने तपासत राहिले, आणि २००६ साली देश या संसर्गातून मुक्त झाल्याचे जगाने मान्य केले.

जगाच्या पाठीवर हे काम वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तयार केलेल्या लसीने पुढे नेले. नंतर उन्हातही बराच काळ टिकणारी लस आली आणि आफ्रिकेतील भटक्या गुराख्यांनाच टोचायला शिकवले गेले. शेवटचा प्रादुर्भाव २००१ साली केनियात रानम्हशींमध्ये दिसला. २५ मे २०११ रोजी त्या पॅरिसच्या संस्थेने आणि २८ जून २०११ रोजी अन्न व कृषी संघटनेने जाहीर केले, बुळकांडी संपली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. तो सर्वांना आठवतो. ही बातमी मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बोटभर मजकुरात वाचली.

देवीचा नैसर्गिक लागण झालेला शेवटचा रोगी अली माओ मालिन, सोमालियाचा, १९७७ सालचा. त्याचे नाव इतिहासात आहे. बुळकांडीच्या शेवटच्या रानम्हशीला नाव नाही. तसेच सायकलवरच्या त्या स्टॉकमनलाही नाव नाही. तो दुपारी आमच्या ओसरीवर भाकरी खाऊन पुढच्या गावाला गेला, एवढेच मला ठाऊक आहे.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आता सांगतो. आपल्या कुटुंबातील एक मुलगी यंदा पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, इंटर्नशिप धरून. साखरपुड्याच्या जेवणावळीत तिच्यावरून जी कुजबुज झाली ती माझ्या कानावर आली. कान अजून शाबूत आहेत! “एमबीबीएस मिळालं नसेल, म्हणून गुरांची डॉक्टर.” “मुलीच्या जातीला हे काय शोभतं?” “स्थळं कशी यायची?” पोरीने ते ऐकले आणि पान अर्धे टाकून उठली.

मंडळी, आपला रोगी बोलत नाही, कुठे दुखते ते सांगत नाही, वर लाथ मारतो. त्याच्यावर उपचार करायला एमबीबीएसपेक्षा कमी अक्कल लागते असे ज्याला वाटते, त्याने एकदा अडलेल्या म्हशीजवळ रात्री दोन वाजता कंदील धरून उभे राहून पाहावे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रातील गुरांचे बाजार बंद करावे लागले. त्या वेळी गोठ्यागोठ्यांतून टोचत फिरणारे हेच लोक होते आणि लसही पुन्हा बकरीच्याच नावाची होती, बकऱ्यांच्या देवीवरची. आपण घरी बसून दुधाचा भाव वाढला म्हणून कुरकुरत होतो.

माणसाने आजवर दोनच रोग पृथ्वीवरून पुसले. त्यातील एक या ‘गुरांच्या डॉक्टरां’नी पुसला. आजोबांच्या दावणीला त्यांच्यापैकी एकजण वेळेवर पोहोचला असता, तर आपल्या घराण्याची कहाणी निराळी झाली असती.

तेव्हा पुढच्या कार्यात ती मुलगी भेटली की तिला पगार आणि स्थळ विचारू नका. काय शिकतेस ते विचारा आणि नीट ऐका. तिच्या पहिल्या वर्षाची पुस्तके मी घेऊन दिली आहेत. दुसऱ्या वर्षाची कोण घेणार, ते खाली लिहून कळवावे.