फुकटचा पिक्चर

२००६ चा नाताळ. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका चर्चचा हॉल होता. तिथे फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं : "येशूचा सिनेमा, मोफत." बास, एवढंच. आम्हा पोरांना 'मोफत' हा शब्द पुरेसा होता.

शेजारच्या मित्राची आजी विड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर मोडकंतोडकं मराठी. ती आम्हा दोघांना घेऊन निघाली. वाटेत माझे काका भेटले. म्हणाले, "तिकडं कशाला बे? प्रचार करतात ते लोक." आजी थांबलीसुद्धा नाही. "देवाचं पिक्चर हाय, पैसे बी नाही. मग?"

पिक्चर होता 'करुणामयुडू'. तेलुगू, १९७८ चा. दिग्दर्शक ए. भीमसिंह, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. मला एक अक्षर कळत नव्हतं, आजी कानात भाषांतर करत होती. हॉलमध्ये शिरताना तिनं चपला दाराशी काढल्या होत्या. पडद्यावर येशू आला तेव्हा तिनं हात जोडले. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. देव दिसला की हात जोडायचे, त्यात काय!

वेगळं वाटलं ते खूप नंतर, फाळक्यांबद्दल वाचताना.

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. साल १९१० की ११, यावर एकमत नाही. ते स्वतः नाताळ म्हणतात, चरित्रात ईस्टर येतो. असो. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी सांगितलंय, की समोर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण दिसत होते. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकणं, एवढे सिनेमे पाहणं की डोळेच बिघडले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणणं, सरस्वतीबाईंचे दागिने... आणि ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र'. ही गोष्ट शाळेपासून आपण ऐकतोच. पण भारतीय सिनेमाची सुरुवात एका येशूपटाच्या खुर्चीत बसून झाली, हे शाळेत कुणी इतकं स्पष्ट सांगत नाही.

पुढची गंमत अशी. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की लोक हात जोडायचे, नमस्कार घालायचे, असं सांगतात. (तो राम म्हणजे साळुंके, आणि सीतासुद्धा साळुंकेच!) पडद्यावर देव पाहायची ही सवय पौराणिक सिनेमांतून पसरत गेली. तेलुगूमध्ये तर तिचं साम्राज्यच झालं. १९५७ च्या 'मायाबजार'मधला एन. टी. रामारावांचा कृष्ण आठवा. पुढे कितीतरी घरांत कृष्ण म्हणजे त्यांचाच चेहरा.

'करुणामयुडू' याच घराण्यातला. गाणी, रंग, चमत्कार, कॅमेऱ्याकडे बघणारा प्रेमळ देव, सगळं पौराणिक पटाचंच. आमच्या भाषेत सांगायचं तर फाळक्यांनी येशूपटाचा कोड घेऊन फोर्क केला, आणि सदुसष्ट वर्षांनी तो मूळ शाखेत मर्ज झाला. :) बाहेरून बनून आलेला येशू आजीला कदाचित पाहुणा वाटला असता. हा वाटला नाही. ती चपला बाहेर काढून बसली, कारण अशा पिक्चरला कसं बसायचं ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

आता फुकटाचं. हा सिनेमा हिंदीत 'दयासागर' म्हणून डब झाला, आणि प्रचारक मंडळींनी १६ मिमीचे प्रोजेक्टर घेऊन वर्षानुवर्षं तो गावोगाव दाखवला. तिकीट नाही. आमच्या हॉलमध्ये डीव्हीडी होती, पण पद्धत तीच. पिक्चर संपल्यावर एक गृहस्थ दहा मिनिटं बोलले, मग छोटी पुस्तकं वाटली. म्हणजे काका अगदीच चुकीचे नव्हते. पैसे कुणीतरी भरले होते, आणि कशासाठी ते उघड होतं. ते उघड होतं हे मला बरं वाटतं. आज फुकट व्हिडिओ दाखवणारं आपल्याकडून काय घेतं, ते मी या धंद्यात असूनही नीट सांगू शकत नाही. तरी मधे एक गोष्ट राहतेच : ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता अशी आठ-दहा घरं त्या रात्री एका छताखाली बसून एक जुना, चांगला बनवलेला सिनेमा पाहत होती. प्रचार झाला, हे खरं. सिनेमा झाला, हेही खरं.

आजीला वाचता येत नव्हतं. पुस्तकावर येशूचं चित्र होतं म्हणून तिनं ते टाकलं नाही, मार्कंडेयाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. काका एकदा चहाला गेले तेव्हा त्यांना ते दिसलं. काही बोलले नाहीत. चहा पिऊन आले.