चुलीपासून दूर राहिलेला मध

मराठी स्वयंपाकघराच्या इतिहासात मधाचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. पूजेच्या पंचामृतात तो आहे, मधुपर्कात आहे, औषधाच्या चाटणात आहे. पुरणात वा लाडवात मात्र नाही. किंबहुना पंचामृत हेच नाव मिरवणारे, चुलीवर शिजणारे तोंडीलावणे पाहावे. तेथे मध जाऊन गूळ आला आहे.

याचे कारण केवळ मधाची दुर्मिळता होती, असे आम्हांस वाटत नाही. चरकसंहितेने उष्ण मध निषिद्ध ठरवला, तो विषाच्या संसर्गाच्या भयाने: माशी विषारी, आणि ती नाना फुलांचा रस गोळा करते. आजचे रसायनशास्त्र विषाची भाषा बोलत नाही. तापवल्याने मधातील विकरे नष्ट होतात व सुगंध उडतो, एवढेच ते सांगते. ‘मधाचे बोट लावणे’ या वाक्प्रचारातही मधाचे माप बोटापुरतेच आहे.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. या डोंगराळ भागात घरोघरी सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळल्या जातात. पूर्वी पोळे पिळताना अळ्याही चिरडत. आता पेटीतील चौकट यंत्रात फिरवली की पोळे शाबूत राहते. कधी जांभूळ, कधी हिरडा, तर सात-आठ वर्षांनी एकदा कारवी. ज्या फुलोऱ्याचा मध, त्याची चव. कढईत हा भेद उरत नाही. निवलेल्या खिरीत वा भाकरीवर तो उरतो. जुन्या निषेधाचे कारण आज पटले नाही, तरी त्याने रानाची चव राखली, हे मान्य करावे लागते.